सारवलेला खड्डा

माझ्या अब्बांचं नागापूरला एमआयडीसीत लेथचं छोटं वर्कशॉप आहे. त्यांच्या जगात आकडा म्हणजे व्हर्नियर लावून, एक डोळा मिटून, पुन्हा एकदा बघून आलेला आकडा. राहुरीला मृदाशास्त्रात पीएच.डी. करणारी त्यांची मुलगी माती बोटांत चोळते, दातांखाली धरते, ढेकूळ चिमटीत दाबून फोडते आणि त्यावरून आकडा काढते, हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. बोटांनी चोळून आकडा येत असेल तर मी एवढी हत्यारं कशाला जमवली, असं ते अम्मीला म्हणाले. मला नाही, अम्मीला. माझ्याशी त्यांनी त्या संध्याकाळी अबोला धरला होता, कारण मातीत खुपसायला म्हणून मी त्यांच्याच दुकानातला एक चांगला जाड पात्याचा चाकू न विचारता नेला होता.

खरं तर आमचं काम कुणालाही समजेल असं आहे. नदी गाळ आणून टाकते. तो तिथेच पडून राहिला की ऊन, पाणी, मुळ्या, किडे त्याच्यावर आपापलं काम करत बसतात आणि हळूहळू त्या गाळाची माती घडत जाते. रंग लालसर व्हायला लागतो, चिकटपणा वाढतो, ढेकळं बांधीव होतात आणि सुकली की कडक होतात, त्यांच्यावर चिकणमातीचा चकचकीत पापुद्रा चढतो, चुना साठत जातो. हे सगळं मातीवाले वर्षानुवर्षं शब्दांत लिहीत आले. ‘किंचित चिकट’, ‘मध्यम कडक’, ‘पापुद्रे तुरळक’. वाचायला बरं वाटतं, पण शब्दांची बेरीज होत नाही. मग कुणीतरी युक्ती काढली की ताज्या गाळापासून माती प्रत्येक बाबतीत किती पायऱ्या पुढे गेली ते बघा, पायरीगणिक गुण द्या, त्यांची सरासरी काढा, तिला थराच्या जाडीनं गुणा आणि सगळ्या थरांची बेरीज करा. आकडा मोठा आला की माती जास्त घडलेली, म्हणजे साधारणपणे जास्त जुनी. आकडा लहान आला की माती अजून पोरवयातली.

ही सवय अंगात मुरली की माणूस बिघडतो. मी बिघडले. अम्मीची बहीण, माझी खाला, माझ्यासाठी स्थळं आणायची, आणि मी समोर बसलेल्या मुलाला बघून मनातल्या मनात हिशोब मांडायची: बाप हा मूळ गाळ, आणि मुलगा त्याच्यापासून किती पायऱ्या पुढे गेलाय? आवाज, शून्य. बसण्याची पद्धत, शून्य. ‘मुलगी नोकरी करणार का’ हा प्रश्न, शून्य. एकाचा तर खोकलासुद्धा बापाचाच होता. खालाला मी नकाराचं खरं कारण कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं मला हकिमाकडे नेलं असतं.

तर माझ्या प्रबंधासाठी मी संगमनेरच्या पुढे प्रवरेच्या काठचं एक गाव निवडलं होतं. तिथं नदीकडून वर चढत गेलं की जमिनीच्या तीन पायऱ्या लागतात. सगळ्यांत वरची पायरी जुनी, मधली तिच्याहून लहान, आणि नदीला चिकटलेली खालची अगदी कालची. कालची म्हणजे आमच्या हिशोबात, तुमच्या नव्हे. तिन्ही पायऱ्यांवर माणूस उभा राहील एवढा खोल खड्डा घ्यायचा, खड्ड्याच्या भिंतीत दिसणारे थर वाचायचे आणि आकडे काढायचे. मधल्या पायरीचा मालक पुण्याला राहत होता. त्यानं फोनवर नीट न ऐकताच हो म्हणून टाकलं. वरच्या पायरीचा मालक मात्र गावातच, पांढऱ्या कडक इस्त्रीत, साखर कारखान्याचा सभासद. त्याला आधी वाटलं मी रेल्वेसाठी जमीन मोजायला आले आहे. रेल्वे नाही, माती बघायची आहे, तिला गुण द्यायचे आहेत, असं सांगितल्यावर तो खुलला. आमच्या रानाला अख्ख्या शिवारात तोड न्हाई, म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं जेसीबी आणून उभा केला.

मी वरून उतरून नदीकाठी पोचेपर्यंत बातमी माझ्या आधी खाली पोचली होती. विद्यापीठाची मॅडम आलीय आणि मातीला मार्क देतीय. खालच्या पायरीची मालकीण बांधावरच उभी होती. साठीची असेल, डोक्यावर पदर, हातात विळा, आणि माझ्याकडे बघण्याची पद्धत अशी की परीक्षा माझीच आहे. मी तिला मावशी म्हणायला लागले. ती वरच्या मालकाची थोरली भावजय. नवरा गेल्यावर वाटण्या झाल्या, त्यात दिराकडे वरचं रान गेलं आणि हिच्या वाट्याला नदीकाठचा तुकडा आला. त्या वेळी दीर चारचौघांत काहीतरी बोलला होता. काय बोलला ते तिनं सांगितलं नाही, पण ते बोलणं तिला अजून पचलेलं नाही असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

खड्ड्याला तिची परवानगी लगेच मिळाली, फक्त त्या परवानगीला एक शेपूट होतं.

“खड्डा घे की,” ती म्हणाली. “पर माजं मार्क भावजींच्या वर आलं पायजेत.”

आता माझी पंचाईत बघा. तिची माती सगळ्यांत नवी, म्हणजे तिचा आकडा सगळ्यांत खाली येणार हे मला खड्डा घेण्याआधीच माहीत होतं. तो खाली यावा म्हणूनच तर मला ती हवी होती. तिच्याशी ताडून बघितल्याशिवाय बाकीच्या दोघींचं वय कळणार कसं? तिनं नाही म्हटलं असतं तर माझा प्रबंध बुडाखालची वीट काढल्यासारखा बसला असता. आकड्याचा आणि जमिनीच्या चांगलेपणाचा संबंध नाही, हे मी तिला समजावून बघितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग मार्क कशाला देता? शेवटी मी मराठीतले सर्वांत उपयोगी दोन शब्द उच्चारले. “बघू, मावशी.” तिनं त्याचा अर्थ हो असा घेतला आणि दोन गडी लावून खड्डा खणून दिला.

इथं माझ्या सरांची ओळख करून द्यायला हवी. सर निवृत्तीला आलेले, आणि मातीच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांना दूरचं दिसत नसे, म्हणून खड्ड्यात उतरताना ते चष्मा काढून खिशात टाकत आणि भिंतीला नाक लावून, भिंग धरून, वीतभर वीतभर पुढे सरकत. अख्खी भिंत त्यांनी कधी एकदम बघितली असेल असं मला वाटत नाही. कोविड होऊन गेल्यापासून त्यांचा वासही गेला होता. कॅन्टीनमधला नासका रस्सा ते तारीफ करून खायचे आणि आम्ही त्यांना खाऊ द्यायचो. शिवाय मातीत रेती किती हे कळायला ते चिमूटभर माती दातांखाली धरत. माती खाणं हा आमच्या धंद्याचा रीतसर भाग आहे.

सरांचा एक कडक नियम होता. खड्ड्यापाशी कुणी बोलायचं नाही. एक जण ‘चिकट’ म्हणाला की दुसऱ्याच्या बोटांना लगेच चिकट लागायला लागतं, असा त्यांचा अनुभव. म्हणून त्यांनी वेगळे गुण लिहायचे, मी वेगळे लिहायचे, आणि वर आल्यावर दोन्ही ताडून बघायचे. दोघांचे आकडे जुळले तर पद्धत खरी. नाही जुळले तर बोटांचे चोचले. अब्बांचं म्हणणंही नेमकं हेच होतं, फक्त ते चोचले म्हणत नव्हते, त्याहून वाईट काहीतरी म्हणत होते.

सर यायच्या आदल्या दिवशी मी जाऊन तिन्ही खड्ड्यांच्या भिंती अब्बांच्या चाकूनं तासून ताज्या केल्या, थरांच्या सीमांवर खिळे ठोकून सुतळी ताणली. मावशीला म्हणाले, उद्या आमचे मोठे सर येणार आहेत, तुमच्या खड्ड्याजवळ कुणाला फिरकू देऊ नका. तिनं विचारलं, लई मोठे हायेत का? मी म्हणाले, खूप. त्यांच्यापुढे आम्ही सगळे चळचळा कापतो. एवढं बोलून मी संगमनेरची गाडी पकडली. मी शहरात, फरशीच्या घरात वाढलेली. दारी मोठा पाहुणा येणार म्हटल्यावर शेतकऱ्याच्या घरात आदल्या दिवशीच काय केलं जातं, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. ते आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमची जीप नदीकाठी उतरली. वरचा आणि मधला खड्डा व्यवस्थित आटोपला होता आणि सर खुशीत होते. दीर आमच्या मागोमाग चालत आपल्या बांधाच्या टोकाला येऊन उभा राहिला होता, खालचा निकाल ऐकायला. सरांनी चष्मा खिशात टाकला, ओठांवर बोट ठेवलं आणि ते मावशीच्या खड्ड्यात उतरले. त्यांच्या मागून मी आत वाकून बघितलं आणि माझ्या तोंडून आवाज फुटायच्या आत सरांचं बोट पुन्हा ओठांवर गेलं.

खड्डा सारवला होता.

नुसता सारवला नव्हता, मन लावून सारवला होता. शेण आणि माती कालवून, वरपासून खालपर्यंत, हाताच्या गोल फेऱ्या एकीला एक लागून, आणि सगळं रातोरात खडखडीत वाळलेलं. माझे खिळे तिनं काढले नव्हते. प्रत्येक खिळ्याभोवती हात फिरवून घेतला होता. वरच्या काठाला गेरूचा रुंद पट्टा ओढला होता आणि भिंतीच्या तळाशी, सुतळीच्या खाली, रांगोळीची नक्षी होती. खड्ड्यात उतरायच्या पायऱ्यांवरही रांगोळीची पावलं होती. सर त्यांच्यावर पाय ठेवतच खाली उतरले होते.

आणि आता ते भिंतीला नाक लावून उभे होते.

मी पुन्हा तोंड उघडलं. त्यांनी मागे न बघता हात वर केला. गप्प राहण्याचा नियम मी आजवर इतक्या वेळा मोडला होता की आज त्यांनी जातीनं लक्ष द्यायचं ठरवलं होतं. तेव्हा मी हातातल्या कागदावर माझं निरीक्षण लिहायला घेतलं आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी रंगांच्या पट्ट्यांचं पुस्तक उघडून गेरूच्या पट्ट्याशी धरलं. पान उलटलं. आणखी उलटलं. लालीच्या बाजूला इतके पुढे गेले की ती पानं त्या पुस्तकात अजून कोरी करकरीत होती. त्यांच्या मानेवरून मला त्यांचा आनंद दिसत होता. मग भिंग. सारवणाची चकाकी त्यांना पापुद्र्यांसारखी दिसली असणार, कारण त्यांनी त्या रकान्यात भराभर लिहिलं. बोटांच्या गोल खुणांवर तर ते थबकलेच. भारी काळ्या मातीत ढेकळं एकमेकांवर घासून अशा रेघा उठतात, आणि त्या दिसल्या की आमच्या लोकांना घबाड मिळाल्यासारखं होतं. शेणातल्या काड्या त्यांनी चिमट्यानं ओढून बघितल्या. ‘बारीक मुळ्या, पुष्कळ.’ ते मी वरूनच वाचू शकत होते. नखानं भिंत दाबली, नख आत गेलं नाही. कडकपणाचे पूर्ण गुण. तळाशी त्यांनी ॲसिडची बाटली काढली. चुना किती आहे हे बघायला आम्ही पातळ ॲसिडचा थेंब टाकतो, चुना असला तर फसफसतं. मावशीची रांगोळी चांगल्या दगडाची होती. ती अशी फसफसली की सर एक पाऊल मागे सरकले.

मला हसू आवरेना म्हणून मी कागद तोंडावर धरला. त्याच वेळी सरांनी भिंतीचा एक चांगला जाड तुकडा काढला, चुरला आणि दातांखाली धरला. सावकाश, डोळे मिटून. मग मान हलवली, जशी आपण बरी भाजी जमल्यावर हलवतो.

खरं सांगते, त्या क्षणी मी त्यांना थांबवू शकले असते. पण नियम कुणाचा होता?

सर वर आले तेव्हा त्यांचा चेहरा वीस वर्षांनी लहान झाला होता. माझा कागद बघायचंही त्यांना सुचलं नाही. बांधावरून दिरानं विचारलं, काय सायेब, लागला का निकाल? आणि सर, जे गावकऱ्यांपुढे कधी शब्द वाया घालवत नसत, मोठ्यानं म्हणाले की या बाईंच्या जमिनीचे गुण तुमच्यापेक्षा पुष्कळ वर आहेत, इतकी घडलेली माती मी नदीकाठी आजवर बघितलेली नाही, यात काहीतरी मोठं गूढ आहे.

मावशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं पदर नीट केला. मान वर करून तिनं दिराकडे बघितलं. एवढी वर्षं साठवलेलं ते बघणं होतं. मला वाटलं, राहू दे. एक दिवस तरी राहू दे. पण तो दिवस मिनिटभरसुद्धा टिकला नाही, कारण यजमानीण म्हणून तिला आपल्या कामाचीही कदर व्हायला हवी होती.

“सारवन बरं झालंय न्हवं, सायेब?” ती म्हणाली. “खाली हात पुरंना. मग तितं बोळ्यानं वढलं.”

सरांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कागद पुढे केला. त्यावर गुणांच्या रकान्यांत मी एकही आकडा लिहिला नव्हता. रंगापुढे गेरू, पापुद्र्यापुढे शेण, मुळ्यांपुढे शेण, कडकपणापुढे शेण, चुन्यापुढे रांगोळी, असं लिहिलं होतं.

सरांनी चष्मा लावला. खड्ड्याच्या काठाला जाऊन पहिल्यांदाच अख्खी भिंत एकदम बघितली. मग दातांवरून जीभ फिरवली आणि गंभीरपणे मावशीला विचारलं, “गाईचं की म्हशीचं?”

“गाईचं. देशी.”

“मग ठीक आहे,” सर म्हणाले आणि त्यांनी तिच्या हातातला तांब्या घेऊन बराच वेळ चुळा भरल्या. हे आधी का सांगितलं नाही, असं त्यांनी मला विचारलं तेव्हा मी ओठांवर बोट ठेवलं. त्यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. शेण दिसल्यास बोलण्यास परवानगी आहे, अशी दुरुस्ती त्या दिवसापासून नियमात झाली आणि ती अजून पाळली जाते.

पण बांधावर दीरही हसत होता, आणि ते हसणं वेगळं होतं. शेनाला मार्क दिलं की वो सायबांनी, असं तो मागच्या माणसांना ओरडून सांगत होता. मावशीनं तांब्या उचलला. जिंकल्यावर तिनं मान वर केली होती. आता ती खाली बघून घराकडे चालायला लागली. माझं हसू तिथंच गोठलं. आम्ही सारवण हातभर खोल तासून काढलं, ताजी माती उघडी केली, पुन्हा दोघांनी वेगवेगळे गुण लिहिले आणि या वेळी ते इतके जुळले की एरवी मी नाचले असते. चहा तिनं सुनेच्या हाती पाठवला. स्वतः आली नाही.

राहुरीला येऊन मी आकडेमोड केली. वरच्या रानाचा आकडा सगळ्यांत मोठा आला, मधल्याचा मधला, आणि मावशीचा शून्याच्या जरासा वर. पायऱ्या जशा होत्या तशाच आकड्यांत उतरल्या होत्या. अब्बांना मी दोघांचे वेगवेगळे काढलेले आकडे शेजारी शेजारी दाखवले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, हं म्हणाले आणि चाकूचं विचारलं. आमच्या घरात ही शाबासकी समजली जाते.

मावशीचा मात्र एक दिवसाआड फोन. निकाल लागला का? सर म्हणाले, शेतकऱ्यांना आकडा सांगायची काही गरज नसते, प्रबंधाच्या शेवटी आभार माना म्हणजे झालं. ते मला पटेना. तिनं सारवलं होतं आमच्यासाठी, आणि हसं झालं तिचं. फोनवर सांगायला जीभ वळेना, म्हणून एका सकाळी मी संगमनेरला उतरून काळी-पिवळीनं गावात गेले.

ती रानातल्या कांदाचाळीसमोर गोणपाटावर बसून कांदे निवडत होती. मी शेजारी बसले आणि उगाच एक-दोन कांद्यांची पात खुडली. मग सांगून टाकलं की तुमचा आकडा सगळ्यांत खाली आहे, मावशी, आणि दिरांचा सगळ्यांत वर. तो आकडा मातीच्या वयाचा आहे, चांगलेपणाचा नाही, हेही सांगितलं. तुमची माती अजून माती व्हायला सुरुवातच झाली आहे, नदीनं टाकलेला गाळ जवळपास जसाच्या तसा आहे, म्हणून सगळ्यांचा हिशोब आम्ही तुमच्यापासून सुरू करतो. हे शेवटचं वाक्य मी गाडीत तयार केलं होतं आणि मला ते फार मोठेपणाचं वाटत होतं.

तिचे हात थांबले.

“वाटनीच्या येळंला भावजी ह्येच म्हनलं हुतं,” ती म्हणाली. “चार पंचांत. वैनीला दिलीय ती जमीनच न्हाई, म्हनं, नदीनं टाकलेलं हाय ते. मी लई रडले हुते तवा. आन् तू येवडी शिकून, येवडा खड्डा घेऊन, त्येच सांगाया आलीस व्हय?”

मला जमिनीत जावंसं वाटलं, आणि तिथली जमीन मऊ असल्यामुळे ते शक्यही होतं. शब्दांचे आकडे करता करता मी तिला पुन्हा तोच शब्द आणून दिला होता, या खेपेला विद्यापीठाच्या शिक्क्यानं. मला रडू आलं. मी ते कांद्यांवर ढकललं, पण सुके कांदे निवडताना कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिनं ढिगातून एक कांदा उचलला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला. माझ्या मुठीत मावेना. गोल, गुलाबी, कुठं चेपलेला नाही.

“त्येंनी म्हनलं तवा माज्या हातात दावाया काय नव्हतं,” ती म्हणाली. “आता हाय. जा, वर जाऊन त्येस्नी बी निकाल सांग. लई म्हातारी माती हाय म्हनावं तुमची.”

कांदा हातात घेऊनच मी वर गेले. दीर कांद्याच्याच रानात होता. आपला आकडा सगळ्यांत वर हे ऐकून त्याची छाती फुगली. मग त्यानं विचारलं की वर म्हणजे नेमकं काय, आणि मी सांगितलं: सगळ्यांत जुनी, सगळ्यांत चिकट, सगळ्यांत कडक, खाली चुनखडी. त्याचं लक्ष माझ्या हातातल्या कांद्याकडे होतं. त्याच्या सरीतले उपटून ठेवलेले कांदे लहान होते आणि दोन बाजूंनी दाबल्यासारखे चपटे. खरं हाय, तो म्हणाला, पावसाळ्यात पाय निघत न्हाई आन् उन्हाळ्यात कुदळ लागत न्हाई. मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून त्यानं विचारलं की वरून नदीकाठचा पोयटा ओढून टाकला तर फरक पडेल का.

मी म्हणाले, नक्की पडेल. पुष्कळ पडेल.

मग वैनींचा अंदाज घेऊन बघा जरा, तो म्हणाला, चार ट्रॉल्या मिळाल्या तरी लई झालं. पर माझं नाव काढू नका.

आता असल्या बाबतीत मी फारशी भरवशाची नाही. मी बांधाच्या टोकाला गेले, त्या दिवशी तो जिथं उभा राहून हसला होता नेमकं तिथंच, आणि दोन्ही हात तोंडाशी धरून खाली ओरडले, “मावशी, भावजी विचारतायत, तुमच्यातली चार ट्रॉल्या माती मिळेल का?”

मागे त्यानं कपाळाला हात लावलेला मला न बघता कळला. खाली मावशी उठून उभी राहिली. तिनं पदर नीट केला, मान वर केली, आणि या वेळी घाई केली नाही. शेजारच्या रानातल्या बायकांचे हात थांबेपर्यंत ती थांबली.

“जमीनच न्हाई ती, भावजी,” तिनं वर आवाज दिला. “नदीनं टाकलेलं हाय. नदीला इचारा.”

आणि ती पुन्हा कांदे निवडायला बसली.